मुरलेल्या मातीची पाटी

टाचरावांनी पिशवी टेबलावर उपडी केली, पुन्हा आत हात घालून चाचपली, उलटी करून झटकली आणि मग सेक्रेटरींकडे असे पाहिले, की जणू पाटी त्यांनीच खाल्ली असावी. पिशवीतून तीनच पाट्या निघाल्या होत्या. 'कोरडी', 'ओली' आणि 'चिखल'. चौथी, 'मुरलेली', नव्हती. सकाळचे सात वाजले होते आणि खिडकीबाहेर, सव्वीस वर्षांत जमली नव्हती इतकी सुरेख मुरलेली माती कोवळ्या उन्हात पसरली होती.

टाचराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. मोटारसायकलींच्या शर्यतीसाठी मातीचा तो भला मोठा गोल राखायचा, हे त्यांचे काम. शर्यतीच्या दिवशी सकाळी ते मातीत उजव्या पायाची टाच रोवत, अलगद काढून घेत आणि पडलेल्या खड्ड्याकडे वाकून बघत. खड्ड्याची कड ढासळली तर माती कोरडी. तळाशी पाणी चमकले तर ओली. टाच बाहेरच येईना, तर चिखल. आणि टाच अर्धी बुडून कड सुरीने कापल्यासारखी उभी राहिली, तर मुरलेली. मग त्या त्या नावाची पाटी फाटकावर टांगायची. पाटी बघून स्वार टायर निवडत. मुरलेल्या मातीवर वळणात गाडी आडवी घातली की मागचे चाक घसरते पण साथ सोडत नाही, धूळ उडत नाही आणि स्वाराला वाटते की आपण फार शूर आहोत. ते शौर्य गुरुवारपासून टाचराव तयार करत असतात, हे कुणाच्या गावीही नसते.

आणि आज तर निरीक्षक यायचे होते. शर्यतीच्या समितीच्या मनात कधीपासून या गोलावर डांबर घालायचे होते. मातीचा काही भरवसा नाही, आज एक तर उद्या दुसरीच, असे सेक्रेटरी प्रत्येक सभेत म्हणत आणि टाचराव प्रत्येक सभेत खुर्ची सरकवून उठत. शेवटी असे ठरले, की वरून निरीक्षक येतील, त्यांनी माती भरवशाची आहे असे लिहून दिले तर पुढची पाच वर्षे माती राहील, नाहीतर सोमवारी डांबराचा रोलर येईल. डांबराला टाच लागत नाही. म्हणून टाचरावांनी गुरुवारपासून मोजून पाणी दिले होते, शुक्रवारी फळी फिरवली होती, शनिवारी संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा मारला होता आणि आता पाटीच नव्हती.

पाट्या शुक्रवारी घरी नेऊन त्यांनी स्वतः रंगवल्या होत्या आणि बाल्कनीत वाळत ठेवल्या होत्या. त्यांनी घरी फोन लावला.

"ती होय?" बायको म्हणाली. "ती मशीनखाली आहे."

"कुठल्या मशीनखाली?"

"आपल्याकडे काय दहा मशिनी आहेत? कपड्यांच्या. मागच्या डाव्या पायाखाली पाऊण इंच लाकूड हवं होतं, तुमची पाटी बरोब्बर बसली. दोन वर्षं सांगतेय, अहो जरा मशीनचा पाय बघा. जगाची जमीन सपाट करत फिरता, घरातली तेवढी दिसत नाही."

"ती आत्ताच्या आत्ता काढ."

"आत्ता कशी काढू? मशीन लावलंय. आत चादरी आहेत, पाणी भरलंय. दोन तास अडतीस मिनिटं दाखवतंय."

टाचरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षांची अब्रू मशीनच्या पायाखाली, आणि वर चादरी. पण बायकोशी भांडायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी जावयाला फोन लावला. जावई दातांचे डॉक्टर. स्वभावाने गरीब आणि रविवारी मोकळे. सासऱ्यांच्या घरी जायचे, चालू मशीन एका कोपऱ्याने उचलायचे, पाटी ओढून काढायची आणि घेऊन यायचे, एवढेच काम होते. जावई म्हणाले की होऊन जाईल, फक्त पाटी हलते आहे की घट्ट बसली आहे तेवढे आधी बघावे लागेल.

इकडे सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होते. नियम अकरा असा होता, की आठच्या आत फाटकावर पाटी लागली पाहिजे, नाहीतर त्या दिवसाची शर्यत रद्द. पाटी लाकडीच हवी आणि मागे समितीचा शिक्का हवा. म्हणजे पुठ्ठ्यावर लिहून भागणार नव्हते. टाचरावांनी सुचवले की आठच्या आधी जावईबापू येतील. सेक्रेटरी म्हणाले की जावई वेळेवर आल्याचे त्यांच्या ऐकिवात नाही.

आठला पाच कमी असताना सेक्रेटरी म्हणाले, "यातली कुठलीही एक लावा. पाटी आली की बदलू. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"खोटी पाटी माझ्या हातून लागणार नाही," टाचराव म्हणाले.

"मग माझ्या हातून लागेल."

"बाहेर येऊन माती बघा एकदा. बघा आणि मग तुमचा हात धजतो का ते सांगा."

सेक्रेटरींनी माती बघितली नाही. कुणीच कधी बघत नसे. टाचरावांनी रागाने पाठ फिरवली, आणि हीच त्यांची चूक झाली, कारण समोर उभे राहिले असते तर निदान 'ओली' लावा एवढे तरी म्हणता आले असते. सेक्रेटरींनी टेबलावरची सगळ्यात वरची पाटी उचलली, तिची दोरी शाबूत आहे एवढे बघितले आणि ती फाटकावर टांगली. ती 'चिखल' होती.

सव्वाआठला स्वार येऊ लागले. प्रत्येकाने फाटकाशी गाडी थांबवली, पाटी वाचली, कपाळाला हात लावला आणि टायर बदलायला घेतले. शर्यतीच्या आधी तयार मातीवर कुणी पाऊल ठेवायचे नाही, हा दंडक खुद्द टाचरावांनीच घातला होता आणि त्यापायी एका अध्यक्षालाही बाहेर काढले होते. त्यामुळे माती बघून खातरजमा करावी, असे कुणाच्या मनात आले नाही. ज्यांच्याकडे चिखलाचे दातेरी टायर नव्हते त्यांनी घरी माणसे पिटाळली.

सगळ्यांत जुना स्वार, ज्याला सगळे दाढीवाला म्हणत, टाचरावांकडे आला. "काका, इकडे काल पाऊस झाला का?"

"नाही."

"मग चिखल कसला?"

"चिखल नाहीच. पाटी खोटी आहे."

दाढीवाला हसला. "तुमची पाटी आणि खोटी? सोळा वर्षं बघतोय मी. डोळ्यांवर नसेल एवढा त्या पाटीवर विश्वास आहे माझा."

"अरे, डोळ्यांनी बघ की. ती समोर पसरलीय, मुरलेली."

"वरून तशी दिसत असेल," दाढीवाला समजूत घातल्यासारखा म्हणाला, "आत पाणी असणार. तुम्ही उगाच पाटी लावणार नाही." आणि तो पान्हा घेऊन दुसरे चाक सोडवायला बसला. टाचरावांना प्रथमच वाटले, की आयुष्यात चार-दोनदा तरी खोटे वागायला हवे होते.

त्यांनी घरी फोन केला. बायकोने कळवले की जावईबापू आले आहेत, त्यांनी मशीनखाली विजेरी मारून पाहिले आहे आणि आता हात धूत आहेत.

निरीक्षक बरोबर नऊ वाजता आले. सडपातळ, वयाने टाचरावांएवढेच, पायांत काळे चकचकीत बूट, हातात वही. फाटकावरची पाटी वाचून त्यांनी वहीत 'चिखल' असे लिहिले. मग नियमाने त्यांना एकट्यालाच असलेली मुभा घेऊन ते मातीवर चार पावले चालले, बुटाचा तळ उलटा करून पाहिला आणि परत आले. बूट कोरडा होता.

"पाटीचा आणि मातीचा मेळ नाही," ते म्हणाले.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला, पण फार नाही. डांबराचा रोलर त्यांच्या डोळ्यांपुढे दिसत असावा. टाचराव पुढे झाले. सगळी हकीकत त्यांनी मशीनपासून सांगितली, जावयाचे नाव घेऊन पंधरा मिनिटांत खरी पाटी येते आहे असेही सांगितले.

"एकदा लागलेली पाटी शेवटची शर्यत होईपर्यंत उतरत नाही," निरीक्षक म्हणाले. "नियम बारा."

"पण ती चुकीची आहे."

"असेल. पण तिच्यावर विसंबून स्वारांनी टायर बदललेत. आता पाटी बदलली, तर त्यांची फसवणूक होईल."

टायरांना टेकून बसलेल्या स्वारांनी एकमुखाने माना डोलावल्या. पुन्हा टायर बदलायला लावले तर घरी जाऊ, असेही कुणीतरी म्हणाले. निरीक्षकांनी घड्याळ पाहिले. मेळ बसवायला तासभर देतो, दहापर्यंत नाही बसला तर तसे वहीत लिहावे लागेल, असे सांगून ते सावलीत जाऊन बसले.

मेळ बसवायचा म्हणजे काय, हे समजायला टाचरावांना थोडा वेळ लागला. पाटी हलणार नव्हती. मग हलायचे कुणी? सेक्रेटरींनी त्यांच्या हातात टँकरची किल्ली ठेवली.

"मी नाही," टाचराव म्हणाले. "तीन दिवस मोजून पाणी घातलंय. पोटच्या पोरीचे केस विंचरावेत तशी फळी फिरवलीय. तिच्यावर मी टँकर सोडू?"

"नका सोडू. सोमवारी रोलर येईल."

माती वाचवायची तर माती नासवायची होती, आणि तीही स्वतःच्या हाताने. टाचराव टँकरवर चढले. पहिला टँकर त्यांनी दातओठ खात सोडला. समितीला शिव्या दिल्या, नियम अकराला दिल्या, नियम बाराला दिल्या, मशीन बनवणाऱ्याला दिल्या. पाटीच्या बाजूने सगळे होते, समिती, निरीक्षक, स्वार. मातीच्या बाजूने एक माणूस होता आणि तोच तिच्यावर पाणी ओतत होता.

दुसऱ्या टँकरला मात्र त्यांच्या लक्षात आले, की वरच्या वळणावर पाणी थांबत नाही, आतल्या कडेला तळे होते आहे. हे त्यांना बघवेना. चिखल करायचा झाला तरी त्याला काही रीत असते. त्यांनी उतरून फावड्याने दोन पाट काढले, फळी उलटी करून लावली, तिसरा टँकर वरच्या बाजूने धीमा सोडला. चौथा संपला तेव्हा गोलभर एकसारखा, गुडघ्याखाली चार बोटे, लोण्यासारखा चिखल झाला होता. इतका चांगला चिखल आपल्या हातून झाला, याचा त्यांना आणखी राग आला.

त्याच वेळी पलीकडच्या कुंपणाशी जावई दिसले. पांढरी पँट, पांढरे बूट, हातात 'मुरलेली' उंच धरलेली. सासरे समोर दिसताच ते सरळ रेषेत निघाले. टाचराव हात हलवून थांबा थांबा म्हणत होते, जावयांना वाटले लवकर या म्हणताहेत. ते धावू लागले. तिसऱ्या पावलाला त्यांचा उजवा बूट गेला, सहाव्याला डावा आणि गोलाच्या मधोमध ते स्वतः बसले. पाटी मात्र त्यांनी शेवटपर्यंत वर धरली होती. पाच-सहाशे प्रेक्षकांनी ती वाचली आणि टाळ्या वाजवल्या.

"जरा घट्ट बसली होती," जवळ आल्यावर जावई म्हणाले, "पण तुटू न देता काढली."

पहिली शर्यत सव्वादहाला सुरू झाली. बारा स्वार सुटले, पाच पोचले. बाकीचे वळणावळणाला अलगद आडवे झाले आणि उठून गाडी ढकलत बाहेर आले. कुणाला खरचटलेसुद्धा नाही, कारण त्या चिखलात गादीवर पडावे तसे पडता येत होते. पुढच्या तीन रांगांतले प्रेक्षक एका रंगाचे झाले आणि अशी मजा वर्षानुवर्षांत आली नाही असे एकमेकांना सांगू लागले. दाढीवाला पहिला आला. तो टाचरावांपाशी थांबून दात दाखवत म्हणाला, "बघा. पाटी खरी निघाली की नाही?" टाचराव फावड्यावरचा चिखल खरवडू लागले.

शेवटची शर्यत झाल्यावर निरीक्षकांनी अहवाल वाचून दाखवला. येथील पृष्ठभागाचा पाटीशी तंतोतंत मेळ आढळला. आवश्यकतेनुसार तो एका तासात बदलता येतो, जे डांबराच्या बाबतीत शक्य नाही. सबब माती भरवशाची असून पुढील पाच वर्षे राखण्यात यावी. टाचरावांना हुंदका आला. तो पुरता बाहेर पडायच्या आत निरीक्षकांनी पान उलटले. मात्र रविवारच्या शर्यतींसाठी पृष्ठभाग पाहणीच्या वेळी होता त्याच स्थितीत, म्हणजे चिखल या स्थितीत, ठेवावा.

"पाच वर्षं?" टाचरावांनी विचारले.

"पाच वर्षं."

सेक्रेटरी खुशीत होते. तिकिटाच्या खिडकीशी लोक पुढच्या रविवारची चौकशी करत होते आणि डांबराची गोष्ट त्यांनी इतक्या लवकर मनातून काढून टाकली, की ती त्यांची कधी नव्हतीच असे वाटावे.

निरीक्षक जायला निघाले. फाटकाजवळ टँकर वळवताना हातभर लांबीचा एक पट्टा पाण्यावाचून राहून गेला होता. तिथे ते थबकले. इकडेतिकडे बघून त्यांनी उजवी टाच रोवली, अलगद काढली आणि वाकून पाहिले. कड सुरीने कापल्यासारखी उभी होती. टाचराव ते बघतच राहिले. टाच अशी काढायला शिकवून येत नाही.

"सकाळी सगळी अशी होती?" निरीक्षकांनी खालच्या आवाजात विचारले.

"सगळी."

निरीक्षकांनी ती कड बोटाने अलगद चाचपली. "एकवीस वर्षं गावोगाव हिंडतोय. अशी नाही पाहिली."

"मग लिहा की तसं."

"कसं लिहू? पाटी चिखलाची होती," ते म्हणाले आणि वही काखेत मारून निघून गेले.

टाचराव घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. बेल वाजवली तर आतून बायको ओरडली, की किल्लीने उघडा, मला उतरता येत नाही. दार उघडून बघतात तो ती वॉशिंग मशीनवर बसलेली. खाली मशीन थरथरत होते आणि तिच्यासकट इंच इंच मोरीकडे सरकत होते.

"तुमच्या जावयाने चालू मशीनची पाटी काढली," ती म्हणाली. "तेव्हापासून मी उतरले की ते चालत सुटतं, सुटलं की बंद पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चौथी फेरी आहे. तुमच्या शर्यती दहा मिनिटांत संपतात. मी साडेनऊपासून बसलेय. आणि त्या चिखलाच्या पायांनी आत येऊ नका, लादी सकाळीच पुसलीय."

टाचरावांचा राग घरी येईपर्यंत टिकून होता. तो बायकोवर काढायचा असे त्यांनी वाटेत ठरवले होते. पण मशीनवर बसलेल्या माणसावर रागावता येईना. त्यांनी पाटी हातात धरून दारातच सगळे सांगितले. तिने थरथरत ऐकून घेतले.

"म्हणजे माती राहिली?"

"राहिली. पण चिखल म्हणून राहिली."

"आणि ही पाटी?"

"ही आता पाच वर्षं लागायची नाही."

ते गुडघ्यांवर बसले, मशीनचा मागचा कोपरा बायकोसकट उचलला आणि पाटी डाव्या पायाखाली सरकवली. मशीन गप्प झाले. बायको खाली उतरली, तिने मशीनवर हात ठेवून बघितला आणि चहा ठेवायला गेली. दोन वर्षांत घरातले हे पहिलेच काम त्यांनी पुन्हा न सांगता केले होते.

पण गुरुवार आला तसे टाचरावांचे पाय आपोआप टँकरकडे वळले. अहवाल रविवारबद्दल होता. शनिवारबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. त्यांनी मोजून पाणी दिले, शुक्रवारी फळी फिरवली, शनिवारी दुपारी हलका फवारा मारला. उन्हे कलल्यावर टाच रोवून पाहिली. कड उभी राहिली. उद्या सकाळी यावर चार टँकर सोडायचे होते. टाचराव एकटेच कुंपणाला टेकून तिच्याकडे बघत बसले, आणि त्यांना सगळ्या जगाचा राग आला.

तेवढ्यात फाटकाशी एक जुनी मोटारसायकल येऊन थांबली. स्वाराच्या पायांत साधे बूट होते आणि हातात वही नव्हती. निरीक्षकांनी आधी फाटकाकडे पाहिले. तिथे काही टांगलेले नव्हते.

"पाटी कुठाय?" त्यांनी विचारले.

"घरी. मशीनखाली."

"राहू द्या तिथेच," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी गाडी मातीवर घातली.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच टाचरावांनी आपणहून शर्यतीआधी कुणाला तयार मातीवर जाऊ दिले. पहिल्या वळणावर निरीक्षकांनी गाडी आडवी घातली. मागचे चाक घसरले, पण साथ सोडली नाही आणि धूळ अजिबात उडाली नाही.